तांबडीचे दोन वाटे

डोंगरगाव, ता. मूल
७ जानेवारी

सोमाजी,

मुखरूचा राम राम. एकतीस वर्सानं पत्र येऊन राह्यलं म्हणून दचकू नको, घरी कोणी मेलं नाई. मी धड हाये, तुयी वयनी आशाबाई पण धड हाये, गुडघे सोडले तं. फोन केलता तुले. तुया करिष्मानं उचलला, गोड बोलली पोरगी, अन् "बाबा, मूलचे मोठेबाबा हायेत" म्हणल्याबरोबर फोन कटला. तिनं कापला का तू कापला ते मी इचारत नाई. माया हात थरथरते, म्हणून नात लिहून राह्यली. दिव्यानी तिचं नाव, ब्रह्मपुरीले कॉलेजात हाये. ते मंधामंधात इचारते, मी तिले सांगतो, म्हणून तुले मालूम असलेलं पण पत्रात येऊन राह्यलं. वाचून घे.

तांबडी आठवते ना? आठवनच. बाबा आलापल्लीले लाकडाच्या ठेकेदाराकडं ड्रायव्हर होता, अन् ठेकेदाराच्या पोरानं ते गाडी विलायतेहून जहाजानं आणली. दोनच सीटा, लांब नाक, जमिनीले चिकटून चालणारी. मुरमाच्या रस्त्यावर पोट घासे तिचं. ठेका बुडाला तवा ठेकेदार बाबाले म्हणे, ने बाप्पा, तूच पोस हिले. बाबा गेल्यावर आपले वाटे पडले. मोठ्यानं वाटे करायचे अन् लहान्यानं पयले उचलायचं, हे आपली रीत. म्या एका वाट्यात गाडीचा खोका ठेवला, एका वाट्यात इंजिन. तुले धान कांडायचं हालर टाकायचं होतं. तू इंजिन उचललं, खोका माया राह्यला. दिव्यानी हासून राह्यली, म्हणते गाडीचे कोणी असे वाटे करते का! मी म्हणलं, बैलजोडीचे होतेत, इहिरीच्या पाण्याचे होतेत, तं गाडीचे काऊन नाई?

तं खोका तसाच हाये गोठ्याच्या आडोशाले. कोंबड्या बसतेत त्यात. दिवाळीत एक कोंबडी स्टेरिंगवर चढून बसली, दिव्यानीनं तिचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. झालं. पुण्याहून एक माणूस रयवारी येऊन ठेपला. पांढरा पँट घालून कोंबड्याच्या घाणीत गुडघ्यावर बसला. समोरचं झाकण उघडलं, आतली पत्र्याची पट्टी थुकी लावून पुसली, तिच्यावरचा नंबर वाचला, अन् त्याच्या डोयातून पाणी येऊ लागलं! मले वाटलं, याले मिर्गी आली. आशाबाई चप्पल हुंगवाले धावली.

शौकीन लोक असतेत जुन्या गाड्याचे. काही किरकोळ देतो म्हणते. मोठी गोष्ट नाई.

फक्त एक हाये. तो इंजिनाचा नंबर मागून राह्यला. म्या सांगतलं, इंजिन भावाच्या वाट्याले गेलं, मोडलं, भंगारात गेलं. तू पण हेच सांगजो. कोणी आलं, कोणाचा फोन आला, तं भंगारात गेलं म्हण अन् मोकळा हो. उगाच नंबर-बिंबराच्या भानगडीत पडू नको. हेच सांगाले पत्र.

तुया दादा,
मुखरू

ता.क. छोटे आजोबा, नमस्कार. मी दिव्यानी. आजोबा पाणी प्यायले गेले म्हणून घाईत लिहिते. किरकोळ नाई. नुसत्या खोक्याचे चौदा लाख बोलला तो माणूस, अन् तेच नंबराचं इंजिन सापडलं तं एक कोटी नव्वद लाख. आजोबा तवापासून जेवले नाईत. मले खोट्या पत्राले हात लावायची लाज वाटली म्हणून लिहिलं.


डोंगरगाव
१४ जानेवारी, संक्रांत

सोमाजी,

पोट्टीनं खाली काय लिवलं ते काल तिनंच सांगतलं. वरतून मलेच म्हणते, "रागावता कायले, खोटं तुम्ही बोलले." आशाबाईनं तिचीच बाजू घेतली. या घरात आता मायं कोणी आयकत नाई.

तं आयक खरं. एक कोटी नव्वद लाख. म्या त्याले तीनदा इचारलं. एकदा वाटलं, तो जुने पैशे म्हणून राह्यला का काय! त्यानं मोबाईलवर दाखवलं, सातासमुद्रापार लिलाव होतेत, लोकं हात वर करून बोली लावतेत, अन् आपल्या तांबडीची सख्खी बहीण, तसंच नाक, तशीच पाठ, तितं काचेवाणी चमकून राह्यली होती. पंधरा वर्साआंदी हेच गाडी कोणी फुकट नेत नव्हतं म्हणे. आता दरसाल भाव चढते. सोनं मांगं पडलं. अन् मी त्या गाडीत कोंबड्या बसवल्या, सोमाजी! एका बरसातीत तं तिच्या डिक्कीत म्या शेणाच्या गवऱ्या ठेवल्या होत्या.

आता इंजिनाचं. तो म्हणते, गाडी एकच, पण कंपनीनं तिच्यात दोन परकारचे इंजिन बसवले. एक लहान, चोवीसशे सीसी. एक मोठं, आडतीसशे. लहानवाल्या ढीगभर निंगाल्या, मोठ्या इंजिनाच्या बोटावर मोजण्याएवढ्या. अन् आपल्या खोक्यातल्या पट्टीवर मोठ्या इंजिनाचा नंबर हाये. तोच नंबर इंजिनावर सापडला तं गाडी एक नंबरची, नाई तं नुसता पत्रा. म्या मनात म्हणलं, आपल्या बाबाले हे मालूम असन का? तो तं त्याले "मोठं" एवढंच म्हणे. "मोठं सुरू कर बे सोमा." तुलेच म्हणे. मले टायर धुवाले सांगे.

पुण्यावाला तुया पत्ता मागते. म्या देल्ला नाई. आशाबाई म्हणते, काऊन देत नाई, अर्धं त्याचं अर्धं आपलं, दोघाचंही भलं होईन. तिले काय सांगू? तुयं इंजिन तं दुसऱ्याच साली मोडलं. हालर ओढवेना, गरम होये, क्रँक तुटला. तवा तू गावात ओरडत फिरला का हे बाबाचं इंजिनच नोहे, याचा आवाज तो नाई, दादानं बदललं. आठवते? पंच बसले. म्या मारोतीच्या पायरीवर हात ठेवला अन् म्हणलं, मी बदललं असन तं मायं वाटोळं होवो. त्यावर पंचानं तुले माया पायावर डोकं ठेवाले लावलं. तू ठेवलं. आठ दिवसात गाव सोडून आलापल्लीले गेला. ते झालं, आता ते उकरू नको.

उद्या ब्रह्मपुरीले चाललो. तिथी एक काम हाये, जुनं. अंधार पडायच्या आंदी परत याव लागन, आपल्या फाट्यावर वाघीण पिल्लं घेऊन फिरून राह्यली.

तीळगूळ पाठवला असता. मंग म्हणलं, कोणत्या तोंडानं गोड बोल म्हणू?

मुखरू


डोंगरगाव
१८ जानेवारी

सोमा,

हे पत्र मी सोता लिहून राह्यलो. दिव्यानीले समजू देल्लं नाई. अक्षर कोंबडीच्या पायावाणी हाये, पण लावून वाच.

ब्रह्मपुरीले गेलतो. कायले गेलतो ते तुले मालूम हाये. तुले कवाचंच मालूम हाये! हेच तं मले तिथल्या गिरणीवाल्याच्या पोरानं सांगतलं.

थांब. पयल्यापासून लिवतो. एकदा तरी कागदावर धड लिवतो.

ठेकेदाराकडं दोन गाड्या होत्या. तांबडी, अन् तिच्यासारखीच पांढरी, पुतण्याची. पांढरीत लहान इंजिन होतं. ते सागाच्या झाडाले धडकून गेली, तिचं इंजिन बाबानं आणून ठेवलं, पार्टाले कामी येईन म्हणून. बाहेरून दोन्ही इंजिन सख्ख्या भावासारखे दिसत. तुले वाटे बाबानं ते लहान इंजिन बल्लारशाच्या भंगारवाल्याले देल्लं. म्याच तसं सांगतलं होतं तुले. ते माया सासऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली होतं. वाट्याच्या आंदी तू आठ दिवस सासरी गेलता, तवा म्या तांबडीचं मोठं इंजिन उतरवलं, लहान चढवलं, अन् मोठं ब्रह्मपुरीच्या गिरणीवाल्याले इकून टाकलं. मंग पंचासमोर साळसूदपणे म्हणलं, एका वाट्यात खोका, एका वाट्यात इंजिन, उचल भाऊ, पयले तू उचल. तू काय उचलशीन ते मले मालूमच होतं.

त्या पैशाची म्या जुनी राजदूत फटफटी घेतली. तुले वाटलं असन गरज होती, पोरं लहान होते. काई गरज नव्हती. मले जळजळ होती, सोमा. बाबा तुले इंजिनाजवळ बसवे, कान लावून आवाज आयकाले शिकवे. म्हणे, याच्या कानात देव हाये. मी मोठा, अन् मी टायर धूत राह्यलो. मले वाटलं, जाऊ दे ते इंजिन कुठीही, पण याच्या हाती नको. एवढंच. यापरीस मोठं कारण मायापाशी नाई, म्या धुंडलं.

अन् मंग मारोतीच्या पायरीवर हात ठेवला. हात ठेवताना भेव वाटलं होतं. पण काईच झालं नाई! वाटोळं झालं नाई, पोरं शिकले, धान पिकलं. मले वाटलं देव झोपला असन. तुले पायावर डोकं ठेवताना पाह्यलं, तुया टाळूवरचा तो भोवरा दिसला मले, लहानपणी मी तेल लावून देत होतो तोच. तवाही बोललो नाई.

आता गिरणीवाल्याचा पोरगा काय म्हणला ते आयक. म्या इचारलं, ते विलायती इंजिन हाये का रे अजून? तो म्हणे, "ते कायचं! अठ्ठ्याण्णव सालीच इकलं बाबानं. आलापल्लीचा एक माणूस लगनाच्या वरातीत चालला होता. आमची गिरणी सुरू होती. तो वरात सोडून आत आला अन् इंजिनासमोर उभा राह्यला. रडत होता. बाबा म्हणे, काऊन रडता भाऊ? तो म्हणे, आवाज आयकून. म्हैना दोन म्हैन्यात परत आला, बायकोची पोत मोडून इंजिन घेऊन गेला." अन् मंग म्हणे, "जाताना त्यानं बाबाले इचारलं, तुमाले हे कोणी इकलं? बाबानं सांगतलं, मूलकडचा मुखरू म्हणून हाये. त्यानं तसं लिहून घेतलं, खाली सही घेतली."

सोमा, अठ्ठावीस वर्स झाले.

अठ्ठावीस वर्स तुयापाशी तो कागद हाये. तू एकदा गावात येऊन तो पारावर फडकवला असता तं मायं तोंड काळं झालं असतं. माया पोरीच्या लगनात फडकवला असता, सोयरे उठून गेले असते. मी दरवर्षी वाट पाह्यली का तू कवातरी भांडाले येशीन, अन् तू आला नाई, म्हणून मी समजलो का सोमाले मालूम नाई. तू काऊन नाई आला रे? मले शिव्या तरी देऊन पाठवायच्या होत्या कोणासंगं.

मले कोटी-लाखाचा धक्का बसला म्हणून घरचे मायं पाय दाबून राह्यले. त्याईले काय मालूम.

मी काई मागत नाई. पुण्यावाल्याले तुया पत्ता देईन म्हणशीन तं देईन, नको म्हणशीन तं नाई. इंजिन तुयं हाये. पोत मोडून घेतलं, वाट्याचं नाई.

दादा लिवाले लाज वाटते.
मुखरू


डोंगरगाव
२ फेब्रुवारी

सोमा,

तुयं पाकीट भेटलं. पोस्टमननं देल्लं तवा मी चहा पीत होतो, कप तसाच राह्यला. आत दोनच कागद. एकावर तू इंजिनाच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली होती. दिव्यानीनं तो कागद खोक्यातल्या पट्टीजवळ धरला. एक आकडा इकडचा तिकडं नाई. ते नाचाले लागली. मी मात्र दुसरा कागद वाचत होतो. एकच ओळ. "दादा, तांबडीचे वाटे पुन्हा कराव लागतीन. रीतीनं."

त्या गिरणीवाल्याची चिठ्ठी तू पाकिटात टाकली नाई. म्या पाकीट फाडून, उलटं करून पाह्यलं. शिवी पण नाई. नुसतं "दादा".

मले रात्रभर काई सुचलं नाई. सकाळी आंघोळ केली अन् आशाबाईले सांगतलं, चाल मारोतीकडं. ते म्हणे, आज काय हाये? शनवार होता, लोकं होतेच. त्या पंचातला आता एकच उरला, लच्छूभाऊ. अठ्ठ्याऐंशी वर्साचा झाला, पारावर उन्हात बसून असते. म्या त्याच पायरीवर हात ठेवला अन् म्हणलं, लच्छूभाऊ, पंच्याण्णव साली म्या इथी खोटी शपथ घेतली. इंजिन म्याच बदललं होतं.

तो म्हणे, "काय?"

बहिरा झाला रे तो पुरा! म्हणे, "जोरानं बोल, आयकू येत नाई." म्या पुन्हा सांगतलं. तो म्हणे, "कोण मेलं?" मंग मले बोंबलून सांगाव लागलं, का म्या इंजिन बदललं, म्या खोटी शपथ घेतली, सोमाजी खरा होता. मारोतीच्या आवारात बोर इकणारी बाई, शाळेतले पोट्टे, किराण्यावाला, समदे जवळ आले. लच्छूभाऊले आता आयकू आलं. मंग म्हणे, "आम्ही त्याले तुया पायावर डोकं ठेवाले लावलं होतं रे." त्यानं काठी उचलली. मले वाटलं मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं. तो उठून घरी गेला.

घरी आल्यावर आशाबाई एवढंच म्हणली, "त्या राजदूतवर मले बसवून तुमी जत्रेले नेलं होतं." तवापासून ताट वाढते अन् दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. ज्याले त्याले मायं तोंड नवं वाटून राह्यलं.

पुण्यावाला रोज फोन करते. भाव अजून चढला म्हणते, लवकर करा. म्या त्याले सांगतलं, बापू, आमच्यात वाटे झाल्याशिवाय सौदा होत नाई, अन् माया भाऊ आल्याशिवाय वाटे होत नाई. तुयाशी तोच बोलन. त्याले तुया नंबर देल्ला हाये.

खोक्यातल्या कोंबड्या काढल्या. दोन दिवस मी सोता बसून तांबडी धुतली, आतून, बाहेरून. टायर तं उरलेच नाईत, पण चाकं धुतले. बाबा बसे त्या सीटखाली मले त्याचा बिडीचा डबा सापडला, गंजलेला. त्यात पान्याचा एक लहान तुकडा अन् तुया दुधाचा दात हाये, कागदात बांधून. म्हणजे तुयाच असन. माया त्यानं कायले ठेवला असता.

आता वाट्याचं. तू म्हणला रीतीनं, तं रीतीनं केले म्या, सकाळी आंघोळ करून, आशाबाई साक्षीले. एका वाट्यात तांबडीचा खोका हाये, पुरा. तुयं इंजिन तुयापाशी हायेच. त्याच वाट्यात बाबाचा डबा ठेवला. दुसऱ्या वाट्यात काईच ठेवलं नाई.

सोमवारच्या अहेरीच्या गाडीनं ये. मी फाट्यावर उभा राहीन. वाटे म्या केले हायेत, पयले तू उचल.

तुया दादा,
मुखरू